एका चुलीचं गाव

माझी पणजी मंगली हिनं दोन वर्षं एकटीनं एक गाव राखलं. राखलं म्हणजे काही फार मोठं केलं असं नाही. ती तिथं राहिली, रोज चूल पेटवली, गावदेवाच्या दगडावर पाणी घातलं आणि मोहाच्या दिवसांत मोह वेचला. तेवढ्यानं ते गाव गाव राहिलं. ही हकीकत मी माझ्या आजीकडून, म्हणजे मंगलीची लेक शामकला हिच्याकडून ऐकली. उरलेली, पुढे त्या गावात येऊन राहिलेल्या गोपीचंद पटल्याच्या घरी ऐकली. दोन्हीकडच्या सांगण्यात जिथं फरक पडला तिथं मी आजीचं खरं धरलं आहे.

गावाचं नाव कोसमटोला. देवरीच्या दक्षिणेला, सरकारी जंगलाच्या पोटात, गोंडांची वीस-पंचवीस घरं. खालच्या अंगाला उंबराच्या मुळातून एक झरा निघतो, त्याला उमरझरी म्हणत. वैशाखात भोवतालचे नाले कोरडे पडत, पण उमरझरी वाहत राही. झऱ्यापासून वर चढून गेलं की टेकाडावर घरं, घरांच्या मागे मोहाची झाडं आणि त्यांच्याही मागे साग, साजा, बांबू. गोंदियाला रेल्वे येऊन काही वर्षं झाली होती तेव्हा मंगली या गावात सुकरामची बायको म्हणून आली. गाव तेव्हाच थोडं रोडावलेलं होतं. झाडोरा जाळून त्याच्या राखेत कोदो-कुटकी पेरायची जुनी शेती सरकारनं बंद केली होती, जंगलात खांब रोवून हद्दी पाडल्या होत्या, आणि ज्यांना नांगराची शेती जमेना ती दोन-चार घरं तेव्हाच उठून गेली होती.

पण मंगलीनं कोसमटोला भरलेलाही पाहिला. तो छपन्याच्या, म्हणजे संवत एकोणीसशे छपन्नच्या दुकाळात, सन एकोणीसशे साली. त्या वर्षी सपाटीवर धान हाती लागलं नाही. माघ-फाल्गुनापासून कामठ्याच्या, आमगावच्या बाजूची माणसं पोरंबाळं पाठीवर घेऊन जंगलात शिरू लागली. जंगलात धान नव्हतं, पण मोह गळत होता. कंद होते, चारोळीची चारं होती, तेंदूची टेंभरं होती, आणि उमरझरीचं पाणी होतं. आलेल्या लोकांनी झाडांखाली पालं ठोकली. कोणता कंद रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खायचा नाही, मोहफूल कसं वाळवायचं आणि चिंचोक्याबरोबर कसं शिजवायचं, हे मंगली आणि गावातल्या बाकीच्या बाया त्यांना दाखवत फिरल्या. गावात कुणाकडे देण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते झाडाखाली पडलेलं होतं, आणि ते सगळ्यांनी मिळून वेचलं. आईचं ऐकून आजी म्हणायची, त्या उन्हाळ्यात कोसमटोल्याला इतकी माणसं होती की जत्राच वाटे. पाऊस पडला, नागपूरकडून बियाणं आल्याची बातमी आली, आणि ती माणसं जशी आली तशी आपापल्या गावी निघून गेली.

त्यानंतरची अठरा-एकोणीस वर्षं बरी गेली. मंगलीला शामकला झाली. सुकरामचा धाकटा भाऊ बिसराम याचं लग्न झालं आणि भागीरथा जाऊ म्हणून घरात आली. भागीरथा बोलकी, हसरी, बाजाराची हौस असलेली. मंगली कमी बोलणारी. दोघींचं फारसं जमत नसे आणि फारसं बिघडतही नसे. शामकलाला अर्जुनी मोरगावच्या बाजूला दिली. तिथं तळी होती, धानाची शेती होती, सासरचे लोक समजूतदार होते.

मग मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षातली दिवाळी. माणूस सकाळी अंग दुखतं म्हणून आडवा व्हायचा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठायचा नाही. कोसमटोल्यात असं घर राहिलं नाही की ज्यातून माती द्यायला कुणी गेलं नाही. सुकराम गेला. त्याच्यामागून बिसराम गेला. गावाच्या देवाची पूजा करणारा भुमका गेला. धान कापायला माणसं उरली नाहीत आणि उभ्या पिकात रानडुकरं शिरली.

उरलेली घरं एकेक करून उठली. कुणी गोंदियाला रेल्वेच्या कामावर गेलं, कुणी विडीच्या कारखान्यात, कुणी चहाच्या मळ्यांच्या दलालाबरोबर थेट आसामला. जाताना प्रत्येकजण मंगलीच्या दारात येऊन थांबे. तू पण चल, असं सगळेच म्हणत. शामकलाचा नवरा बैलांची बंडी घेऊन स्वतः आला होता. आमच्या घरी रहा, तुमच्यासाठी वेगळी खोली आहे, असं त्यानं सासूला सांगितलं. मंगलीनं त्याला जेवू घातलं, बंडीत लेकीसाठी टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल आणि वाळलेला मोह ठेवला आणि त्याला परत पाठवलं.

शेवटी भागीरथा निघाली. तिनं दोन दिवस जावेची मनधरणी केली. तिसऱ्या दिवशी तिचाही धीर संपला.

"बाई, अठी कोन राहिलं आता? कायसाठी राहून राहिली तू?"

मंगली सूप पाखडत होती. ती म्हणाली, "दोघे भाऊ अठीच पुरले हायेत. देवाच्या दगडाले कोनी पानी घालाले नाई. आनि तठी जाऊन मी काय खाऊ? जे तठी इकत घ्या लागते ते अठी झाडाखाली पडते."

"वाघ येईन तं?"

"वाघ का आजच आला?"

भागीरथा रडली, रागावली आणि गोंदियाला गेली.

पुढची दोन वर्षं मंगलीनं कशी काढली याबद्दल ती फार बोलत नसे. आजीला वाटे, आईनं फार हाल काढले असतील. पण आजी जेव्हा जेव्हा भेटायला गेली तेव्हा आई तिला धडधाकट दिसली. घर सारवलेलं, अंगणात लाकडं रचलेली, आढ्याला मक्याची कणसं टांगलेली. पावसाळ्यात ती वास्ते काढी, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि पावसानंतर उगवणारी अळंबी, म्हणजे सात्या, वेची. घरामागच्या तुकड्यात कोदो पेरी. कोसमाच्या आणि पळसाच्या फांद्यांवरची लाख खरवडून देवरीच्या बाजारात नेई आणि तिकडून मीठ, मिरची, लुगडं आणी. एक कुत्रं होतं आणि दोन शेळ्या होत्या. पहिले काही महिने संध्याकाळी फार उदास वाटे, एवढं तिनं एकदा कबूल केलं. मग ती दिवेलागणीला सगळ्या ओस घरांसमोरून एक फेरी मारू लागली. कोणाचं कूड पडलं, कोणाच्या घरात घुबड बसलं, हे पाहून यायची. म्हणायची, त्यानं बरं वाटे.

एकदा मोह गळत असताना खानेसुमारीचे मास्तर आले. देवरीच्या शाळेतले होते, धोतर काट्यांनी फाटलेलं, घामाघूम. एवढं जंगल तुडवून ते एका बाईला मोजायला आले होते. त्यांनी नाव विचारलं, जात विचारली, वय विचारलं. वय तिला ठाऊक नव्हतं. दोघांनी मिळून अंदाजानं ठरवलं. मग मास्तरांनी विचारलं, आणखी कोण? ती म्हणाली, मीच. तिनं त्यांना भाजलेला मोह आणि झऱ्याचं पाणी दिलं. निघताना त्यांनी तिला समजावून सांगितलं की ज्या गावात कुणीच राहत नाही त्याला सरकार रिठी म्हणतं, आणि जंगलातली रिठी जंगलातच जमा होते. मग तिथं कुणाला घर बांधता येत नाही.

"म्हंजे मी मेली की गाव मेलं," मंगली म्हणाली.

मास्तरांना ते तोंडावर म्हणायला जड गेलं असावं. पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

आजवर ती तिथं राहिली होती ती तिला राहायचं होतं म्हणून. मास्तर गेल्यावर तिच्या डोक्यात पहिल्यांदा आलं की आपण एकटं राहून भागणार नाही, इथं माणसं पाहिजेत. कुठून आणायची, हे मात्र सुचेना.

त्याच वैशाखात भागीरथा परत आली. मोहाची टोरी वेचायला चार दिवस आले, असं तिनं सांगितलं. गोंदियात ती एका खोलीत सहा बायांबरोबर राहत होती. दिवसभर मान खाली घालून विड्या वळायच्या, पहाटे उठून विहिरीवर नंबर लावायचा. पैसा हातात खेळत होता, बाजार रोजच होता, पण रात्री झोप येत नव्हती. आल्या दिवशी ती उमरझरीवर गेली आणि इतका वेळ पाण्यात बसून राहिली की मंगली तिला बघायला खाली उतरली. चार दिवसांचे आठ झाले. पावसाळा तोंडावर आला तेव्हा मंगलीनं तिला विचारलं, तुला जायचं नाही का? भागीरथा म्हणाली, "हाकलून राहिली का मले?" त्यावर तो विषय मिटला. गावात दोघी झाल्या आणि फेरी मारायची गरज उरली नाही, कारण भागीरथा दिवसभर बोलतच असे.

त्या हिवाळ्यात जंगलखात्याचे एक साहेब दौऱ्यावर आले. त्यांचा तंबू उमरझरीजवळ लागला. साहेब हिंदी बोलणारे, उंच, पायाला पट्ट्या गुंडाळलेले. त्यांच्याबरोबर नाकेदार उदाराम होता. जंगलाची राखण करणारा हा शिपाई दोघी जावांना ओळखत असे. साहेबांची अडचण अशी होती की गेल्या दोन उन्हाळ्यांत वणव्यानं बरंच जंगल खाल्लं होतं. वणवा अडवायला गवत कापून, पाला जाळून जाळरेषा काढाव्या लागतात. त्या काढायला माणसं मिळत नव्हती. साग तोडायचा तर माणसं नव्हती. गाडीवाटा दुरुस्त करायला नव्हती. उदारामनं दोघींना बोलावून आणलं.

साहेबांनी विचारलं, "इस गाँव के लोग कहाँ गए?"

मंगली म्हणाली, "काही तुमीच हाकलले. बाकीचे तापानं नेले."

उदारामनं मान खाली घातली. साहेबांना झाडीबोली पूर्ण कळत नव्हती, पण एवढं कळलं. ते रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं की सरकार आता जंगलात पुन्हा गावं वसवत आहे. दहा-बारा घरं येऊन राहिली तर झऱ्याखालची सपाट जमीन नांगराला मिळेल, घरासाठी बांबू-बल्ल्या मिळतील, गुरांना चराई मिळेल. त्याच्या बदल्यात गावानं जाळरेषा काढायच्या आणि तोडीच्या दिवसांत मजुरीनं काम करायचं. घरं कुठून आणायची ते तुम्ही बघा. पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा येईन.

तंबू हलला. दोघी जावा त्या जागेवर बसून विचार करू लागल्या. जुनी माणसं कुठं कुठं पांगली होती, आसामला गेलेल्यांचा तर पत्ताच नव्हता. भागीरथा म्हणाली, गोंदियाला जाऊन विचारू. तेव्हा मंगलीला कामठा आठवला. छपन्यात जी माणसं इथं येऊन राहिली, त्यांनी हे पाणी प्यायलेलं आहे, हा मोह खाल्लेला आहे. त्यांना हे गाव काय आहे ते सांगत बसावं लागणार नाही.

मोहाचा हंगाम आटोपून दोघी चालत निघाल्या. वाटेत ओळखीच्या गावांत मुक्काम करत कामठ्याला पोचल्या. मंगलीच्या ध्यानात कुणाची नावं नव्हती. ती विहिरीवर गेली आणि पाणी भरणाऱ्या बायांना विचारू लागली, छपन्यात कोसमटोल्याला कोण गेलं होतं? बायांना आधी वाटलं, ही म्हातारी मागायला आली आहे. मग एकीनं आपल्या सासूला बोलावलं, सासूनं आणखी कुणाला, आणि संध्याकाळपर्यंत एका आंब्याखाली बरीच माणसं गोळा झाली. बरीचशी पोवार शेतकऱ्यांची होती, आणि त्यांत जास्त करून अशा घरांतली, जिथं भाऊ वाढले होते आणि बांध्या, म्हणजे धानाच्या शेताचे तुकडे, तेवढ्याच राहिल्या होत्या.

त्यांच्यात तिशीच्या आतबाहेरचा एक माणूस पुढे आला. तो चार भावांतला तिसरा होता. पोवारी सूर लागलेल्या बोलीत त्यानं विचारलं, "मावशी, मी गोपीचंद पटले. मी लहान होतो तवा. मले ओळखता का?"

मंगलीनं त्याच्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "चारं खाऊन खाऊन पोट धरून बसला होतास आनि तुही माय मले शिव्या देत होती. तोच ना?"

सगळे हसले. गोपीचंदची आई आता नव्हती, पण ही गोष्ट तिनं घरात इतक्यांदा सांगितली होती की ती सगळ्यांना पाठ होती. मंगलीनं मग साहेबांनी जे सांगितलं ते सांगितलं. ताप येतो हेही सांगितलं. जनावरं आहेत हेही सांगितलं. तुम्ही आमचं खाल्लं होतं असं ती म्हणेल म्हणून लोक वाट पाहत होते, पण ते तिनं काढलंच नाही. फक्त एक अट घातली, मोहाला कुऱ्हाड लावायची नाही.

पहिल्या वर्षी अकरा घरं आली. नऊ कामठ्याच्या बाजूची आणि दोन आपलीच जुनी, गोंदियाहून भागीरथानं बोलावलेली. गोपीचंद बायको सुमित्राबाई आणि लहान मुलगी घेऊन आला. झऱ्याखालची जमीन बघून पोवारांचे डोळे विस्फारले. त्यांनी लगेच बांध घालायला घेतले. घरंही त्यांनी खालीच बांधली, शेताजवळ आणि पाण्याजवळ. मंगलीनं एकदा म्हटलं, वर टेकाडावर बांधा, आमचे म्हातारे खाली घर बांधत नसत. का नसत, हे तिलाही नेमकं सांगता आलं नाही. गोपीचंदनं विचार केला, रोज दोन घागरी घेऊन चढायचं बायकोच्या नशिबी कशाला.

धानाची रोवणी झाली आणि तापानं गाठलं. एकाआड एक दिवस थंडी वाजून ताप येई, माणसं गोधड्यांत थरथरत पडून राहत. उदाराम कोयनेलच्या गोळ्या घेऊन येई, त्या पुरत नसत. खालच्या घरांत एकही माणूस सुटला नाही. वर टेकाडावर दोघी जावा आणि जुनी दोन घरं होती, तिथं ताप आला पण थोडा आला. भाद्रपदात एका घरातला म्हातारा दगावला आणि चार घरांनी बंड्या जुंपल्या. सुमित्राबाईची मुलगी वाळून काटकी झाली होती. ती नवऱ्याला म्हणाली, तुम्हाला राहायचं तर रहा, मी पोरीला घेऊन जाते. गोपीचंदला पिकलेलं धान टाकून जाववेना. त्यानं दोघींना बंडीत बसवून दिलं आणि तो मागे राहिला.

मंगलीनं कुणालाही थांबवलं नाही. तिनं गोपीचंदचं अंथरूण आपल्या पडवीत आणून टाकलं. कापणी होईपर्यंत तो तिच्याकडे जेवला. दिवसा खाली शेतात, रात्री वर टेकाडावर. त्याचा ताप गेला. मग त्यानं आणि राहिलेल्या माणसांनी खालची घरं मोडून वर बांधली. धान मात्र बरं झालं होतं. पहिल्याच वर्षाच्या मानानं फारच बरं.

सुमित्राबाई परत येईल अशी गोपीचंदला आशा नव्हती. तो धान घेऊन कामठ्याला जायच्या तयारीत होता, तेवढ्यात फाल्गुनात तीच येऊन उभी राहिली. मुलगी गुटगुटीत झाली होती. बरोबर तिचा भाऊ आणि त्याचं घर, आणि आणखी एक घर. काय झालं म्हणून सगळ्यांनी विचारलं. तिनं सांगितलं की कामठ्याला भात शिजवायचा तर शेण थापायचं, ते वाळवायचं, पावसात ते भिजलं की धुरात रडत बसायचं. काटकी आणायला कोसभर जावं लागे आणि तिथंही लोक हाकलून देत. पहिल्या दिवसापासून ती तिथल्या आपल्या जावांना सांगत सुटली की आमच्याकडे लाकूड दारात आहे, झऱ्याचं पाणी गार आहे, नाल्यात मासोळी आहे, भाजीला पैसा लागत नाही. जावा ऐकून कंटाळल्या आणि म्हणाल्या, एवढं आहे तर जा मग. "मी पन म्हटलं, मी कायले अठी सांगत बसली? जातो," असं ती हसत हसत सांगे. घर वर टेकाडावर गेलंय हे पाहून तिनं घागरीचं काही काढलं नाही. तिनं आणि भागीरथानं उतारावर दगडाच्या पायऱ्या बसवून घेतल्या.

त्यानंतर गाव भरत गेलं, आणि एकदम नाही, हळूहळू भरत गेलं. पोवारांनी आणि गोंडांनी मिळून झऱ्याच्या वरच्या अंगाला एक बोडी बांधली, पावसाचं पाणी साठवायला. तिच्यामुळे आणखी काही बांध्या भिजू लागल्या. उन्हाळ्यात विडीसाठी तेंदूपत्ता तोडायला बाहेरून माणसं येत. कारखान्याला कोणतं पान चालतं, कोणतं फेकतात, हे भागीरथाला ठाऊक होतं, त्यामुळे कोसमटोल्याचा पत्ता नाकारला जात नसे. पत्त्याला आलेल्यांपैकी दर वर्षी एखाददुसरं घर राहून जाई. कुरबुरीही झाल्या. गोपीचंदच्या सगळ्यात चांगल्या बांधीत मधोमध एक मोह होता आणि त्याच्या सावलीत धान येत नसे. एकदा त्यानं मंगलीजवळ हळूच विषय काढला. तिनं फक्त विचारलं, तुझी आई छपन्यात कोणत्या झाडाखाली राहिली होती ते ठाऊक आहे का? त्याला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं, हे तिनं नंतर शामकलाला सांगितलं. मोह राहिला.

जुन्या भुमक्याचा मुलगा झामसिंग रेल्वेच्या गँगमधून परत आला तेव्हा एक पेच पडला. गावदेवाला इतकी वर्षं बाईनं पाणी घातलं, हे काही म्हाताऱ्यांना खटकत होतं. झामसिंग संकोचत मंगलीकडे आला. मंगलीनं तांब्या त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "घे बाबा. माही कंबर दुखते. तू येशीन म्हनूनच घालत होती." झामसिंग तिच्या पाया पडला. त्या वर्षीच्या देवाच्या जेवणात पहिला द्रोण तिला वाढला गेला, आणि ज्यांना खटकलं होतं त्याच म्हाताऱ्यांनी तो स्वतः वाढला.

एकोणीसशे चाळीस सालाच्या पुढे कोसमटोल्यात साठ-पासष्ट घरं झाली. आठवड्याचा बाजार भरू लागला. भागीरथाला त्याचा एवढा आनंद की ती काही घ्यायचं नसलं तरी सकाळपासून बाजारात बसे. मंगलीचं मात्र वेगळंच चाललं होतं. तिच्या दारासमोरून दिवसभर बंड्या जात. शेजारच्या घरी कोंबडं मध्यरात्रीच आरवे. पोरं अंगणातला मोह वेचून नेत आणि ती कुणाची पोरं हे तिला सांगता येत नसे. एके दिवशी तिनं गोपीचंदला बोलावलं आणि गावाबाहेर, बांबूच्या रांगेजवळ, तिच्यासाठी एक लहान घर बांधून द्यायला सांगितलं.

गोपीचंदला वाटलं, कुणी काही बोललं असेल. त्यानं खोदून खोदून विचारलं. शामकलालाही निरोप गेला, ती धावत आली. मंगली दोघांना म्हणाली, "कोनी काही बोललं नाई. मानसं पाह्यजे होते मले. पन एवढे नाई पाह्यजे होते."

घर बांधून झालं. सगळं गाव तिचं सामान घेऊन तिथवर गेलं. सामान म्हणजे दोन मडकी, एक सूप, एक खाट. काही महिने ती तिथं फार सुखात होती. मग एक दिवस सुमित्राबाईच्या मुलीनं, जी आता स्वतः दोन मुलांची आई होती, मंगलीला एकटं कसं ठेवायचं म्हणून शेजारी घर बांधायला घेतलं. तिच्या शेजारी तिच्या नणंदेनं. देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यात आजी आईला भेटायला गेली, तेव्हा त्या बाजूला चांगली आठ-दहा घरं उभी होती आणि लोक त्याला नवा टोला म्हणू लागले होते. मंगली दारात खाटेवर बसून एका शेजारणीला पोराच्या खोकल्यावर काय द्यायचं ते सांगत होती. लेकीला बघून तिनं जागा करून दिली आणि कुरकुरली की इथंही आले सगळे. पण त्या दिवशी शामकलानं तिला पुन्हा एकदा अर्जुनीला चल म्हटलं, तर तिनं ते ऐकलंच नसल्यासारखं केलं आणि शेजारणीला म्हणाली, अडुळशाची पानं जरा जास्त घाल.